हिरवी पट्टी पुढे सरकेना

४ मार्च

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

तुझं पार्सल पोचलं. एवढुसा पेन ड्राइव्ह आणि त्याला एवढा थोरला खोका! ह्यांच्या लॅपटॉपवरचं सगळं त्यात भरून पाठव म्हणालास, म्हणून दुपारी बसले. नऊ हजार फायली आहेत रे. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाची टिकटिक आधी एकदा, नंतर एकदा. नंतरच्या प्रत्येक फायलीत शेवटी ह्यांचा आवाज, गिऱ्हाइकाला कळवायचे तसाच: झालं, न्यायला या.

हिरवी पट्टी म्हणते दोन दिवस लागतील. गोगलगाय परवडली. लॅपटॉपचा पंखा तर असा घरघरतो की कधी मान टाकेल सांगता येत नाही. काय करायचं ते पत्रानेच कळव. फोनवर तू बरी आहेस ना विचारतोस, मी हो म्हणते, संपलं. तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडले मी, घाईतला आवाज मला लगेच कळतो.

हे गेल्यावर दुकानातली घड्याळं गिऱ्हाइकं घेऊन गेली. भिंतीवर नुसते खिळे उरलेत. हल्ली फ्रिज सुरू झाला तरी मी दचकते.

उत्तर धाडण्याइतका लोभ ठेव.
तुझी आई

९ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ड्राइव्ह तू नक्की बाबांच्या त्या चार तोंडांच्या जुन्या हबमध्ये खुपसला असशील. तिथून काढ. लॅपटॉपच्या डाव्या अंगाला आतून निळी असलेली खाच आहे, तिच्यात थेट लाव. दुसरं म्हणजे, नऊ हजार चिल्लर फायली एकेक करून नेल्या तर जन्म जाईल. फोल्डरवर उजवं बटण दाबून सगळ्यांची मिळून एक झिप फाइल कर आणि तेवढं एकच गाठोडं उचलून ड्राइव्हवर टाक. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

पण कर नक्की. बाबांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. मी फोन केला की थांब, आईला देतो, एवढंच म्हणायचे. तेवढंच आठवतं आता.

मी बरा आहे. दिवसभर पुलांचे नकाशे काढतो आणि खोलीवर येतो. खोलीत दोन खुर्च्या आहेत, एकीवर कपडे वाळत असतात. अक्षराला हसू नकोस, सवय गेली आहे.

माया अशीच राहू दे.
तुझा गुंड्या

१५ मार्च

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

अक्षर कसलं, कोंबडी नाचून गेली आहे कागदावर. तरी तीनदा वाचलं.

तू सांगितलंस ते सगळं केलं, पण कसलं काय! पट्टी अर्ध्यावर येते आणि रुसून बसते. आणखी काय करता येईल ते सविस्तर लिही. घाई करू नकोस, दोन पानं झाली तरी चालतील. तुझ्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला उघडते, तेही लिही. आणि एका खुर्चीवर कपडे वाळवतोस, मग कोणी आलं तर बसवतोस कुठे?

पोस्टमन आता जिन्यातूनच हाक मारतो, माझं वजन वाढलंय म्हणतो इमारतीत.

पत्राची वाट बघणारी,
आई

२० मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ऑफिसात चौघांना विचारलं. कॉपी चालू असताना बाकीचं सगळं बंद ठेव, अँटिव्हायरसही. तरीही अडलं तर नाद सोड आणि जेवढं गेलंय तेवढं पाठवून दे. लॅपटॉपचा भरवसा नाही, उशीर नको.

खिडकी बसस्टॉपवर उघडते. संध्याकाळी मी माणसं मोजतो. खुर्चीचं म्हणशील, तर कोणी येतच नाही.

आठवणीत ठेव.
गुंड्या

२६ मार्च

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

ड्राइव्ह पाठवते आहे. जे काय गेलंय ते गेलंय. आता तुझं काम झालं. अधूनमधून लिहीत जा, नाही जमलं तरी मी समजून घेईन.

आशीर्वाद आहेतच.
आई

२ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ड्राइव्ह उघडला. नऊ हजारांतली एकही फाइल कमी नाही. आणि झिप ड्राइव्हवर उतरल्याची तारीख आहे बारा मार्च, सकाळी दहा चाळीस. म्हणजे माझं पत्र हातात पडल्या पडल्या तू काम उरकलंस, आणि पट्टी रुसली म्हणून लिहिलंस त्यानंतर तीन दिवसांनी! एवढी धडधडीत थाप मारलीस, आई, आणि तीही मला.

राग नाही आला. त्या तारखेकडे नुसता बघत बसलो. मला खरंच वाईट वाटलं, तुझ्यासाठी आणि माझ्यासाठीही. कारण त्या पंधरा-वीस दिवसांत तुला काय लिहायचं ते मनात जुळवत मी घरी यायचो, आणि तेवढाच वेळ बरा जायचा.

मग बाबांना ऐकलं. एक फाइल लावली, दुसरी लावली, शंभरेक झाल्या असतील. घड्याळ कुणाचंही असो, शेवटी तेच सांगतात: झालं, न्यायला या.

हा बिघाड पत्राने दुरुस्त होणारा नाही. शनिवारी सकाळी पोचतो. परतीची दोन तिकिटं काढली आहेत, माझ्याकडे हवे तितके दिवस राहा. खुर्चीवरचे कपडे काढलेत.

बाकी भेटीत. तयार राहा, न्यायला येतोय.

तुझा गुंड्या