चाळीस कप आणि एक

४ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून धंदा. फोटो छापलेले कप, घरबसल्या, ऑनलाइन. मशीन ओट्यावर, मिक्सरशेजारी बसवलं.

कॉलेज सोडून महिना झाला. लोक म्हणतात, पोराचं डोकं फिरलं. फिरलेलं नाही. सरांनी जर्नलवरून सगळ्या वर्गासमोर अपमान केला आणि मी ताडकन उठून बाणेदारपणे निघून आलो. (डबा तिथेच राहिला. आई रोज विचारते.)

वर्गातल्या 'तिला' म्हणालो होतो, तुझ्यासाठी काय वाट्टेल ते करीन. ती म्हणाली, आधी काहीतरी करून दाखव. नेमके शब्द 'आधी जर्नल पूर्ण कर' असे होते. अर्थ तोच.

संकल्प: तीन महिन्यांत स्वतःचं ऑफिस. त्यानंतर तिच्या घरी जाऊन रीतसर बोलणं.

६ फेब्रुवारी
पेजचं नाव ठरलं: 'तुझाच कप'. यातला 'तुझाच' कुणासाठी, ते फक्त तिला कळेल. ताई म्हणाली, नाव असं का, कप चोरीला गेला होता का? ताईला धंद्यातलं शून्य कळतं.

तिला लिंक पाठवली. वाचल्याची खूण आली. उत्तर नाही. म्हणजे विचार करतेय.

११ फेब्रुवारी
मशीन आणि मिक्सर एकदम लावले की फ्यूज उडतो. आईला बजावलं, कामाच्या वेळेत मिक्सर बंद. आई म्हणाली, कुणाच्या कामाच्या? तडजोड: सकाळी ती, दुपारी मी.

बाबांचा अबोला चालू. मी समोर बसलेलो असलो तरी आईला म्हणतात, त्याला सांग, पसारा आवर.

१५ फेब्रुवारी
पहिली ऑर्डर!! दातांचे डॉक्टर. बारा कप, त्यावर दवाखान्याचं नाव आणि एक हसरा दात. म्हटलं होतं ना?

१९ फेब्रुवारी
डॉक्टरांचा फोन. सगळी अक्षरं उलटी आली म्हणे. कागदावर आरशातल्यासारखी उलटी प्रिंट काढली तरच कपावर सुलटी उमटते, हे माहितीपुस्तिकेच्या चौथ्या पानावर आहे. मी तीन पानं वाचली होती. तरी सौजन्याने सुचवलं की कप आरशासमोर धरा. ते म्हणाले, पेशंटने चहा प्यायचा की दाढी करायची? त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. शब्द माझे असले तरी सुरुवात त्यांची.

एक स्टार दिला. खाली लिहिलंय, 'मालक उर्मट आहेत.' मला मालक म्हटलं, हे महत्त्वाचं.

२५ फेब्रुवारी
संकल्प: राग आला की दहापर्यंत आकडे मोजणे.

आज चारपर्यंत गेलो. कुरिअरवाला म्हणाला, साहेब, मला रोज काय आहे का काय आहे का विचारता, पार्सल तुम्ही मला द्यायचं असतं.

तिचा फोन लागत नाही. घरच्यांनी नंबर बदलायला लावला असणार.

३ मार्च, ११.२०
चाळीस कप! एकदम! लग्नाच्या पाहुण्यांना द्यायचे आहेत. सोबत फोटो पाठवलाय.

११.२५
ती आहे. शेजारी एक निळा शर्ट.

दुपारी ४
शांत डोक्याने विचार केला. (बशी फुटली ती धक्का लागून.) जगात कप छापणारे शेकडो असताना ऑर्डर माझ्याकडेच का यावी? उघड आहे. घरचे गळ्यात बांधतायत, आणि ती मला हाक मारतेय. एकदा नाही, चाळीसदा.

४ मार्च
जेवलो नाही. आई दोनदा दारात उभी राहून गेली. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ओरडलो असतो. नाही विचारलं म्हणूनही ओरडलो.

ठरलं. कपाला कपानेच उत्तर. कॉलेजच्या सहलीचा जुना ग्रुप फोटो शोधून काढला. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये तिघं. तिघांना कापलं. एकच कप छापला, फक्त आम्ही दोघं. सुलटा आला! हा मी स्वतः तिच्या हातात देणार.

८ मार्च
चाळीस झाले. एक कप मशीनमध्ये तीन मिनिटं राहतो. तीन मिनिटं उभं राहायचं, काढायचा, की निळा शर्ट समोर. स्वयंपाकघरात जिकडेतिकडे तोच.

विसाव्या कपाला लक्षात आलं, ती हसतेय. जबरदस्ती झालेली माणसं अशी हसत नाहीत.

पण फोटोग्राफर हसवतात.

९ मार्च
डोकं ठणकत होतं म्हणून दुपारी पडलो. उठून बघतो तर ओटा रिकामा! आई आणि ताईने सगळं पॅक करून कुरिअरवाल्याला दिलं. तेवढीच तुला मदत, आई म्हणाली. ताई म्हणाली, मोजून चाळीस घातले, एक जास्तीचा होता तो फडताळात आहे.

फडताळ उघडलं. निळा शर्ट.

अनवाणी धावत कुरिअरच्या ऑफिसात गेलो. गाडी सुटली होती.

रात्री: घाबरण्यासारखं काही नाही. उलट बरंच झालं. कप निघेल, बोभाटा होईल, सगळे विचारतील हा कोण, आणि तिला खरं सांगावंच लागेल.

१६ मार्च
मेसेज आला. तिचा नाही, तिच्या आईचा. जसाच्या तसा उतरवतो:

'नमस्कार. तुमच्या वडिलांनी ऑफिसात आम्हा सगळ्यांना लिंक पाठवून आग्रह केला, म्हणून ऑर्डर दिली होती. कप छान झालेत. फक्त एका कपावर जावयांच्या जागी भलताच कोणीतरी आलाय. मुलीला विचारलं तर म्हणाली, असेल कोणीतरी वर्गातला. कृपया बदलून द्यावा.'

तीनदा वाचला. आकडे मोजायला लागलो. दहा पूर्ण झाले. पहिल्यांदाच.

फडताळातला कप कागदात गुंडाळला आणि पाठवून दिला.

२२ मार्च, संध्याकाळ
चुकीचा कप परत आला. आईला काय माहीत, तिने त्यातच बाबांना चहा दिला.

बाबांनी निम्मा चहा संपवला. नंतर, आईला न सांगता, सरळ मला म्हणाले, सोमवारी कॉलेजात जाऊन तो डबा घेऊन ये. जाशीलच तर जर्नलचंही विचार.

बरं म्हणालो.

त्यांनी कप फिरवून बघितला. म्हणाले, ही कोण रे तुझ्याबरोबर?

म्हणालो, असेल कोणीतरी वर्गातली.