वरच्या बांधीचं पाणी

दवनीवाडा, कार्तिक वद्य द्वितीया, १९५७

आज संध्याकाळी मृत्युपत्राचा मसुदा पोरांना वाचून दाखवला. तळ्याकडची वरची बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, थोरल्या गणपतला, खालची धाकट्या श्रावणला. वाटणी अगदी सारखी. वाटलं, सुटलो.

श्रावण म्हणाला, "बाबा, माह्या बांधीत पाणी दादाच्या बांधीतूनच येते. त्यानं मधातला धुरा फोडून पाणी नाही सोडलं तं?"

गणपत सुपारी कातरत म्हणाला, "पाहू."

पाहू? एवढंच? भावाला? शाळेतल्या कवितांमधले भाऊ एकमेकांसाठी जीव देत. मी म्हातारा अजून तेच खरं धरून बसलो. धान निसवताना, लोंब्या बाहेर पडायच्या वेळी, पाणी अडलं तर श्रावणचं पीक उभं वाळेल, धुऱ्यावर कुऱ्हाडी निघतील, आणि मी आवरायला नसेन. ते 'पाहू' काही केल्या कानातून जात नाही.

शेवटी गणपतला हाक मारली. म्हटलं, "मी आहे तोवर तुझ्या बांधीच्या कडेनं खालपर्यंत वेगळा पाट खोदून घेतो."

"काऊन? माही जमीन कमी होते ना, बाबा!"

जमीन अजून माझ्या नावावर आहे. मी त्याच्यासमोर जिवंत बसलो होतो.