मुकादमाचा चावा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आलंय, कारण ते डाव्या हाताचं आहे. उजव्या अंगठ्याला पट्टी आहे. घाबरू नकोस, यंत्रात वगैरे काही सापडला नाही. मला मुकादम चावला.

तू त्याला पाहिलंस तेव्हा तो तळहाताएवढा होता. आमच्या ठकूने कॉलेजात असताना इग्वाना पाळायचा म्हणून हट्टाने आणला होता, आणि तू म्हणाली होतीस की पाल विकत कशाला आणायची, माझ्या न्हाणीघरात हव्या तेवढ्या आहेत. आता तो शेपटीसकट माझ्या छातीपर्यंत येईल. दुकानामागच्या ज्या खोलीत मी चष्म्याची भिंगं घासायचो, ती आता त्याची आहे. तिथल्या कपाटावर चढून तो सगळ्यांच्या कामावर नजर ठेवतो, म्हणून मुकादम.

हे जनावर इतकी वर्षं माझ्या खांद्यावर बसून उन्हं खात होतं. परवा पाण्याचं भांडं बदलायला हात पुढे केला आणि त्याने अंगठा धरला. मी ओरडून हात ओढला, तसं मांस फाटलं. डॉक्टरांनी टाके घातले. मुकादम शांतपणे कपाटावर जाऊन बसला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की चूक माझीच असावी. असेलही. पण मी काय केलं तेच मला कळत नाही.

अंगठ्याशिवाय चष्म्याचा स्क्रू धरता येत नाही. गिऱ्हाइकांना मी दारात बोट सापडलं असं सांगतो. घरच्या सरड्याच्या मनाचा पत्ता न लागणाऱ्या माणसाकडून डोळे कोण तपासून घेईल?

तू जन्मभर नर्स होतीस, तेव्हा काय करावं ते कळव. ठकू तुझ्याच शहरात आहे, भेटते का? गेल्या वर्षी नोकरी लागली म्हणून गेली, तेव्हापासून आईला पत्र लिहिते आणि माझ्या वाट्याला शेवटी ‘बाबांना नमस्कार’ येतो. तिला या चाव्याचं बोलू नकोस.

सौ. मजेत आहे. तिला तो चावत नाही.

आहे ती माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा
नानू


११ फेब्रुवारी

चि. नानूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले आणि मग घाबरले. असा क्रम लागला म्हणून रागावू नकोस.

हात ओढलास तिथेच चुकलास. त्याचे दात करवतीसारखे असतात, ओढलं की चिरत जातं. पुन्हा धरलंच तर हात सैल सोड, त्याच्या डोळ्यांवर जाड फडकं टाक आणि तो सोडेपर्यंत थांब. मग वाहत्या पाण्याखाली साबणाने धू, आणि नुसता ओला करून पळू नकोस, बराच वेळ धू. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याचं लिहिलेलं नाहीस, म्हणजे घेतलेलं नसणार. ते आजच घे. अंगठा लाल झाला, गरम लागला किंवा ठणकायला लागला, तर लगेच डॉक्टरांकडे जा. त्याला हाताळून तसाच जेवायला बसू नकोस. त्याच्या अंगावरच्या जंतूंनी पोट बिघडतं.

माझं ऐकशील तर त्याला देऊन टाक. ज्याची रोजीरोटी बोटांवर आहे त्याने दात असलेलं काही पाळू नये.

ठकू येते अधूनमधून. इमारतींचे नकाशे काढायच्या कामात बुडालेली असते. तुझा विषय काढला की चहा गार झाला म्हणून उठते. वहिनीबद्दल मात्र पोटभर बोलते. तुम्हा बापलेकीचं काही बिनसलंय का? तू सांगत नाहीस, ती सांगत नाही, आणि मी मध्ये बसून दोघांची तोंडं बघते.

वहिनीस आशीर्वाद. पत्राला उशीर कर, पण इंजेक्शनला नको.

तुझी
ताई


२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इंजेक्शन घेतलं. आधी घेतलं नव्हतं, हे तुला इतक्या लांबून कसं कळलं?

जनावरांच्या डॉक्टर येऊन गेल्या. त्यांचं म्हणणं, हा त्याचा माजाचा हंगाम आहे. अंगावर नारिंगी झाक आलीय, गळ्याची झोळी फुगवून मान खालीवर करतो, ती सगळी त्याचीच लक्षणं. या दिवसांत तो कोणालाही चावू शकतो, आणि घरातला पुरुष तर त्याला प्रतिस्पर्धीच वाटतो. मी विचारलं, प्रतिस्पर्धी कोणाच्या बाबतीत? डॉक्टरीणबाईंनी तुझ्या वहिनीकडे पाहिलं. ती त्याच्यासाठी भोपळ्याच्या फोडी करत होती, आणि ताई, ती चक्क लाजली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला प्रतिस्पर्धी मिळाला, तो हिरवा आणि शेपटीचा.

बाई म्हणाल्या, हे दर वर्षी होणार. गेल्या वर्षीही झालं असेल. मी ठामपणे नाही म्हणालो. तेव्हा ठकू त्याचं सगळं बघायची, कोणाला कधी ओरखडाही नाही. त्यांना नवल वाटलं. मग मलाही वाटायला लागलं.

त्यानंतर पुन्हा चावला, या वेळी दंडाला. तू सांगितल्यासारखा हात सैल सोडला. सौ.ने त्याच्या डोळ्यांवर आपली शाल टाकली आणि त्याची समजूत काढायला लागली. माझी नव्हे, त्याची. त्याने सोडलं. शिवायची वेळ आली नाही.

देऊन टाक म्हणतेस. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीत काचघर बांधून इग्वाना पाळणारे एक गृहस्थ आहेत, ते न्यायला तयारही आहेत. पण त्यात एक अडचण आहे, ती तुलाच सांगतो. ठकू जायच्या आधी काही दिवस त्या खोलीत फिरकतच नव्हती. पाणी नाही, साफसफाई नाही. मी चिडून म्हणालो की जनावर आणायचं आणि बापाच्या गळ्यात मारायचं, हे चांगलं जमतं तुला. ती पुढच्याच आठवड्यात नोकरीचं सांगून निघून गेली. मुकादम तिचा आहे. तो इथे असला तर त्याच्या निमित्ताने एक दिवस ती येईल, एवढाच माझा हिशोब. त्याला देऊन टाकलं तर ती कशासाठी येईल?

रोज त्याच्याजवळ बसून मी तिच्याबद्दलच बोलतो. हे वेडेपणाचं वाटेल, पण दुसरं कोणी ऐकून घेत नाही.

चुकलं असेल तर कान धर, पण हात आखडू नकोस.

तुझा
नानू


६ मार्च

चि. नानूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बसून वाच.

रविवारी ठकू आली होती. जेवणानंतर भांडी घासायला उभी राहिली आणि बाही वर सरकवली. उजव्या मनगटाच्या वर अर्धगोल वण आहे, कडेने बारीक टिंबांची रांग. मी विचारलं तर इस्त्री लागली म्हणाली. मी म्हटलं, बाळ, इस्त्रीला दात नसतात. मग ती खाली बसली आणि बराच वेळ रडली.

नानू, गेल्या वर्षी याच दिवसांत तो तिला चावला. तिने कोणाला सांगितलं नाही, एकटीच जाऊन टाके घालून आली. त्यानंतर त्या खोलीच्या दाराला हात लावताना तिला घाम फुटायचा. तू गळ्यात मारायचं म्हणालास ते त्यानंतरचं.

का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. हट्ट करून मीच आणला, आता त्याचीच भीती वाटते हे कोणत्या तोंडाने सांगू, असं म्हणाली. वर म्हणाली, बाबांचा त्याच्यावर किती जीव आहे. माझ्याशी कधी बोलले नाहीत एवढं त्याच्याशी बोलतात. माझ्यापायी त्यांनी त्याला हाकलून दिलं असतं आणि आतल्या आत झुरत बसले असते. म्हणून मीच निघाले.

मी तिला तुझं मागचं पत्र वाचून दाखवलं. परवानगी घेतली नाही, घेणारही नव्हते. तू तिच्यासाठी त्याला ठेवलंस आणि ती तुझ्यासाठी त्याला सोडून गेली. मी जन्मभर तापात बरळणारी माणसं सांभाळली, त्यांचं बोलणं मला तुमच्या गप्प बसण्यापेक्षा लवकर कळायचं.

आता पुढचं पत्र मला लिहू नकोस.

तुझी
ताई


१४ मार्च

ती. बाबांना,
सा. न.

तुमचं पत्र मिळालं. तीन वेळा ‘माफ’ लिहून खोडलेलं दिसलं. खोडल्याखालचं वाचता येतं, बाबा. तुम्ही चष्मे करता, तुम्हाला हे ठाऊक असायला हवं.

मी रागावून गेले नव्हते. पण गेल्यावर मात्र रागावले, तुम्ही एकदाही ये म्हणाला नाहीत म्हणून. तुम्ही म्हणे माझ्या येण्याची वाट बघत होता. आत्या म्हणते दोघांना एकाच खोलीत कोंडायला हवं. फक्त ती खोली मुकादमाची नको.

त्याला माझ्यासाठी देऊ नका. मी त्याच्यावर रागावलेलीही नाही. भीती मात्र वाटते, आणि ती जाईल असं वचन मी देऊ शकत नाही. शनिवारी येते. मागचं दार बंद ठेवा.

आईला साष्टांग. तुमच्या अंगठ्याची आठवण रोज येते.

तुमची
ठकू


२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितो.

ठकू आली आणि राहून गेली. पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी हवापाण्यावर इतकं बोलून घेतलं की वर्षभर पुरेल. संध्याकाळी मी हिय्या करून सांगितलं की काचघरवाल्या गृहस्थांना मी होकार कळवलाय, ते सोमवारी येतील. ती म्हणाली, अजिबात नको, माझ्यासाठी तर नकोच. मी म्हणालो, मी तरी त्याला कोणासाठी ठेवला होता? मग दोघंही आपापलं म्हणणं धरून बसलो.

तुझी वहिनी तिथेच पाला निवडत होती. ती म्हणाली की मुकादमाला इतकी वर्षं खाऊ कोण घालतं, त्याची नखं कोण कापतं आणि त्याला अंघोळ कोण घालतं, याची कोणी चौकशी केली आहे का? तो कोणाचा हे तुम्ही दोघं आपसात ठरवताय, मला एका शब्दाने विचारलंत? तो कुठेही जाणार नाही. ज्याला भीती वाटते त्याने दार लावून घ्यावं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खरंच, कोणीही विचारलं नव्हतं. सोमवारी ते गृहस्थ आले, त्यांना चहा देऊन परत पाठवलं.

जायच्या आदल्या दिवशी ठकू दुकानात माझ्याशेजारी बसली होती. मी माझा अंगठा दाखवला. स्क्रू धरता येतो आता. तिने बाही वर केली. ताई, तू वण म्हणून लिहिलं होतंस, पण तो इतका खोल असेल असं मला वाटलं नव्हतं.

तो चावला तेव्हा तू ओरडली कशी नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली की दुकानात गिऱ्हाईक होतं. मी कोणा आजीबाईंना जवळचं आणि लांबचं एकाच भिंगातून कसं बघायचं ते समजावत होतो आणि त्या हसत होत्या. ती भिंतीपलीकडे, मनगट त्याच्या तोंडात, तो सोडायची वाट बघत माझा आवाज ऐकत उभी होती. म्हणाली, बाबा, तुम्ही बोलत होता म्हणून मला थोडा धीर आला.

यावर मी आनंद मानावा की भिंतीवर डोकं आपटावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुला सुचलं तर कळव. तिला मी विचारलं की अजून दुखतं का. ती म्हणाली, थंडीत दुखतं. मी तिचा हात हातात घेऊन बसलो. गिऱ्हाईक आलं, त्याला थांबायला सांगितलं.

तुझी माया आहे तेवढी पुरे, फक्त ती दोघांत सारखी वाट.

तुझा
नानू