मावशींना न विचारलेला प्रश्न

रविवार, संध्याकाळ

लई संताप आलाय. आम्हा मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांच्या घरसभेत जुनी रीत आहे, प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचं, "तुमच्या जिवाचं कसं आहे?" आज सभा चालवणाऱ्या मास्तरांनी सगळ्यांना विचारलं, फक्त सुशीलामावशींना गाळलं. का, तर गेल्या आठवड्यात त्यांचा लेक हर्सूलच्या जेलमध्ये गेला. मावशी पदर सारखा करून बोलायला तयार बसल्या होत्या, आणि मास्तर सरळ माझ्याकडं वळले.

पाच मिनिटांपूर्वी हेच मास्तर शिकवत होते की देवाची कृपा सगळ्यांसाठी आहे, माणूस देवाकडं वळायच्या आधीच ती त्याच्याकडं निघालेली असते. मग हर्सूलच्या रस्त्यावर अडली का ती?

आणि मी तरी काय केलं? मावशींना मीही विचारू शकले असते. "बरं आहे, प्रभूची दया," म्हणून मोकळी झाले. तो सारखा केलेला पदर डोळ्यांपुढून जात नाय.

निघताना तोच पदर सावरत मावशी जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "पोरी, मघाशी उगंच बरं म्हणालीस व्हय? आता खरं सांग, तुझ्या जिवाचं कसंय?"