शालनच्या लग्नाला यायलाच पाहिजे

आष्टा,
फेब्रुवारी १९७९

राजमान्य राजश्री बाळासो पाव्हणे यांना लालासाहेबाचा रामराम. वाईत सगळी खुशाल असतील. तुमचा गुडघा कसा आहे? (तुमची बहीण म्हणते, घाटावर अनवाणी हिंडू नका. मी आपला निरोप्या.) इकडं ऊस कारखान्याला गेला, म्हैस व्याली, मी तेवढा डोक्यानं ठिकाणावर नाही.

पोरीचं लग्न वैशाखात धरलंय, तर तुम्ही आठ दिवस आधीच यायला पाहिजे. मामाशिवाय मांडवाला शोभा नाही. पावसाळ्यात सिंहस्थ लागला की वर्षभर लग्नं बंद, म्हणून सगळं गाव घाईला आलंय आणि त्यात आम्ही बी. पोरगी सोळाची. (अठराचा कायदा झालाय म्हणे. पण तो सांगलीपर्यंतच आलाय, पुढं आष्ट्याची गाडी त्याला मिळालेली दिसत नाही.)

आता डोक्याचं सांगतो. हायस्कूलचे हेडमास्तर घरी आले. दहावीच्या पोरापोरींना वयात आल्यावर कसं वागावं, यावर चार शब्द सांगायला दवाखान्यातल्या नर्सबाई येणार होत्या, त्या आल्या नाहीत. मास्तर स्वतः सांगायला गेले तर फळाच पुसत बसले. फौजेत असली लेक्चरं होतात असं त्यांनी कुठंतरी ऐकलेलं, म्हणून मला धरलं. (होतात खरी. पण आमचा साहेब इंग्रजीत सांगायचा आणि आम्ही सावधान उभे राहायचो, त्यामुळं विषय काय होता ते मला आजतागायत कळलेलं नाही.)

गेलो कोट घालून. पहिला तास शिस्तीवर काढावा म्हटलं, तर एका पोरानं दवाखान्याच्या भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचा अर्थ विचारला. मी म्हटलं, पुढं धोका आहे. सगळी हसली. मग मला बी जोर आला. पोरांना सांगितलं, मन आवरणं हे काय पोरींचंच काम नाही, पोटात वाढत नाही म्हणून जबाबदारी सुटत नाही. शंका असली तर दोस्ताला विचारू नका, डॉक्टरला विचारा. इथवर बरं चाललं होतं. शेवटी आपल्या समजुतीचं बोलावं म्हणून म्हटलं, कवळी कालवड गाभण राहू देतो का आपण? ती बी जाते आणि वासरू बी जातं. मग पोरगी काय कालवडीपेक्षा स्वस्त आहे?

टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरनं आमची शालन उभी राहिली. (ती दहावीत आहे हे मला ठाऊक होतं, पण त्याच दहावीत आहे हे ध्यानात आलं नव्हतं.)

"आबा, मग माझं लगीन वैशाखात का धरलंय?"

मी पाणी प्यालो. मास्तरांनी घंटा देवविली. तेव्हापासून घरात पोरगी माझ्याशी नीट बोलते, जेवायला वाढते, आणि मी अर्ध्या ताटावरनं उठतो. चूक तिची म्हणावी तर ती माझंच बोलली. माझी म्हणावी तर टाळ्या कशाच्या पडल्या? मला काही उमगत नाही. तरी लग्नाला अवश्य यावं.

आपला,
लालासाहेब

ता. क. येऊ नका. व्याह्यांना शब्द दिलाय, मला मागं घेता येत नाही. पण मामा रुसला तर लग्न थांबतं, त्यात माझा काय दोष? मानपानावरनं रुसा, पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून रुसा, आणि सिंहस्थ लागेपर्यंत रुसवा सोडू नका. पुढं वर्ष आपोआप जाईल, पोरगी अठराची होईल. तुमच्या रुसण्यावर कुणी शंका घेणार नाही. (आमच्या लग्नात तुम्ही जिलबीवरनं रुसला होता.)

ता. क. दुसरं. लग्नाची घाई तुमच्या बहिणीलाच जास्त होती, म्हणून हे तिच्या माघारी लिहीत होतो. तर ती मागंच उभी. म्हणाली, "दादाला लिवा, पयल्या बाळंतपणाला मी सोळाची हुते. ते पोर गेलं, तवा मला कुणी काय इचारलं न्हवतं. हिनं तरी इचारलंय." मग ती चुलीकडं गेली. मला फार वाईट वाटलं.

पाव्हणं, नीट रुसा.