आंधळ्या घोड्याचा शेवटचा पोगो

मंगळवार, ११ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उड्या बंद. धक्काबुक्की बंद. मीठ बंद." मी विचारलं, "आणि माझा कडू माते-चहा?" त्या हसल्या नाहीत.

हृदयाकडे जाणारी एक नळी बुजत आलीये म्हणे. स्प्रिंग बसवावी लागेल. "लवकरची तारीख घ्या, अन्सेल्मो." घेतो म्हणालो. घेतली नाही. पाच एप्रिलला 'आंधळा घोडा'चा शेवटचा कार्यक्रम आहे. त्यानंतर बँड बंद, कायमचा. मिसरूड फुटत होतं तेव्हापासून मी त्यांच्या मागे गावोगाव हिंडलोय. आणि आता शेवटच्या दिवशी घरी बसू? छे!

सिल्विनाला सांगितलं नाही. बायकोला सांगायचं म्हणजे आमच्या पास्त्याच्या दुकानाला कुलूप, तिकीट केराच्या टोपलीत आणि मी खिडकीत शाल पांघरून! जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्यात. त्या दुकानात जायफळाच्या डब्यात लपवल्या. रावियोलीच्या सारणात जायफळ मीच किसतो, त्या डब्याला दुसरं कुणी हात लावत नाही.

भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही.

गुरुवार, १३ मार्च

तुचो गुडघा धरून दुकानात आला. इतकी वर्षं प्रत्येक पोगोत, स्टेजपुढच्या त्या उड्या-धक्क्यांच्या नाचात, माझ्या उजव्या हाताला हाच होता. "लेका, मी नाही येत. जिना चढवत नाही, तिथे काय डोंबल नाचणार! माझं तिकीट ठेव. कुणाला तरी ने."

"कुणाला नेऊ?"

"मग एकटा जा. तुला काय, रेडा आहेस तू!"

रेडा. दिवसभर डोक्यात तेच. गर्दीत एकटाच कोसळलो, तर माझं नाव तरी कोण सांगेल?

शनिवार, १५ मार्च

मिलेना शनिवारी दुकानात हाताखाली असते. आज कणीक लाटता लाटता, मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुचोकाकाचं तिकीट मला दे."

लाटणं पडायचंच बाकी होतं हातातून. ही पोरगी आंधळ्या घोड्याला 'भंगारवाल्यांचं भांडण' म्हणते! गाणं लावलं की दार आपटून जाते!

"तुला कशाला?"

"बघायचंय एकदा. पुढे. पोगोत."

"मागे गॅलरीत बस की."

"तू कुठे असणार?"

"पुढे."

"मग मीपण पुढे."

सिल्विना तर खूश! "बापलेक जा की. मला काळजी नको." तिला काळजी नको. इथे माझा जीव टांगणीला.

रविवार, १६ मार्च

सतराव्या वर्षी मुली बापाबरोबर कोपऱ्यावर पाव आणायलाही जात नाहीत. हिला काय झालं अचानक? कुणी मुलगा असणार.

शुक्रवार, २१ मार्च

ठरलं. येणारच म्हणते, तर धडे देणं भाग आहे. जेवणानंतर टेबल बाजूला सरकवून शिकवलं.

नाड्यांना दोन गाठी. कानात काही नको, गळ्यात काही नको. कोपर अंगालगत, हात छातीपुढे, म्हणजे श्वास घ्यायला जागा राहते. उडी मारायची ती गर्दीबरोबर, गर्दीविरुद्ध नाही. कुणाचा बूट सापडला तर उंच धरायचा, ज्याचा असेल तो येतो. गावाच्या नावाचं फडकं नाचवायचं ते गाण्याआधी, सूर लागला की खाली! मागच्यांनीही तिकीट काढलंय. गिटार वाजते तेव्हा शब्द नसले तरी तोंडाने तीच चाल गायची, सगळ्यांनी. फोन खिशात. फोन वर धरणारा माणूस आलेलाच नसतो, तो फक्त मागच्यांच्या आड येतो.

आणि कुणी पडला की थांबायचं. पहिले दोघे उचलतात, बाकीचे हात पसरून पाठीने गर्दी थोपवतात. हा नियम मोडणारा माझ्या लेखी माणूसच नाही.

मग 'काच' सांगितली. आमच्या टोळीची जुनी रीत, आता सगळ्या मैदानांवर गेलीये. बेतो नावाचा मित्र मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया करून टाके सुकायच्या आत हजर! घरी जा म्हटलं तर ऐकेना. मग कानोकान फिरवलं, 'काच आहे.' आजूबाजूच्यांनी त्याच्याभोवती कडं केलं. सगळे धक्के आपल्या पाठीवर घेतले. तो मध्ये मजेत उड्या मारतोय! नियम एकच. काचेला कळू द्यायचं नाही, नाहीतर त्याची मजा गेली. बेतो अजून छाती ठोकून सांगतो, त्या रात्रीचा पोगो मीच गाजवला.

मिलेना या एकाच गोष्टीला हसली नाही. विचारलं, "सांगायचं कुणी?"

"जो बरोबर आला असेल त्याने."

"आणि अनोळखी लोक ऐकतात?"

"अगं, तिथे अनोळखी कुणी नसतं."

बुधवार, २ एप्रिल

सुट्टी. मैद्याचं पोतं उचललं आणि छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. डावा हात जड. गोळी ठेवली. भिंतीला टेकून उभा राहिलो, घाम पुसला. गेलं.

डब्यात दोन पाकिटं होती ना? आता एकच आहे. मीच कुठेतरी ठेवलं असेल. डोकंही बुजत चाललंय की काय!

जाऊ नये. खरंच जाऊ नये. मी तिच्या डोळ्यांदेखत कोसळलो तर? ते चित्र पोरीच्या डोळ्यांपुढून जन्मभर हलणार नाही. पण नाही म्हणालो तर कारण सांगावं लागेल. आणि मी नाही गेलो, ती त्या कुठल्या मुलाबरोबर एकटी गेली तर? इकडे आड, तिकडे विहीर.

आणि खरं सांगू? मला जायचंय. हेही आहेच.

शनिवार, ५ एप्रिल, सकाळ

गोळ्या शर्टाच्या खिशात. खिशाला सेफ्टी पिन. सिल्विनाने विचारलं, "पिन कशाला?" म्हटलं, तिकिटासाठी.

रविवार, ६ एप्रिल

जिवंत आहे!! बसून लिहितोय, समोर माते आहे, पाय दुखताहेत, बाकी काही म्हणजे काही दुखत नाही!

क्रमाने लिहितो. मैदानाबाहेर चोरीपानच्या, म्हणजे सॉसेज-पावाच्या, गाड्यांच्या धुरात मिलेनाने मला सॉसेज खाऊ दिलं नाही. "खारट असतं, बाबा." वा, आता ही आहारतज्ज्ञ! आत गेलो. आमच्या बेरिस्सो गावाचं जुनं फडकं ओळखीच्या पोरांनी आणलं होतं, दिवे मंदावले तसं शहाण्यासारखं खाली घेतलं. बरं वाटलं.

आणि दिवे गेले त्याच क्षणी बघतो तर मिलेना नाही!

डावीकडे नाही, उजवीकडे नाही. हाक मारतोय, माझी हाक मलाच ऐकू येईना. पहिलं गाणं सुरू. लोक उसळले. मी मेलो तरी चालेल पण तिला शोधू दे, असं मनाशी म्हणत होतो. छाती धडधडतेय, पिन निघेना! तेवढ्यात कुठूनतरी घुसून आली. केस विस्कटलेले, डोळे लाल.

"कुठे होतीस?"

"पाणी प्यायला."

"आत्ता? या गर्दीत?"

"तहान लागली, बाबा! आता उडी मार!"

मारली. देवाशप्पथ, विशीतल्यासारखी मारली! भोवती सगळा समुद्र खवळलेला आणि मी मधोमध, पाय घट्ट. एकही धक्का छातीला लागला नाही. असा अंदाज लागतो माणसाला इतक्या वर्षांनी! गर्दी कुठून येणार ते मला आधीच कळतं.

हल्लीच्या लोकांना मात्र रीतभात नाही. माझ्या पुढ्यात एक दाढीवाला, पाठ केवढी, तर कपाटाएवढी! पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत हलला नाही. निम्मा कार्यक्रम मी त्याची पाठच पाहिली. उजव्या हाताला दोन बाया एकमेकींचं कोपर धरून. अहो, पोगो आहे, बागेतला फेरफटका नाही! मागे एक टकल्या, त्याने तर स्टेजकडे पाठ केली होती. शेवटच्या कार्यक्रमाला येऊन स्टेजकडे पाठ! मी खांद्यावर थाप मारून सुनावलं, "दादा, गाणं तिकडे आहे." नुसता हसला. मद्दड!

शेवटचं गाणं संपलं, वाद्यं थांबली, तरी सगळं मैदान गिटारची ती चाल तोंडाने गात राहिलं. गायक ऐकत उभा होता. मी रडलो. मिलेनाही रडली. तिला चाल पाठ होती. हे केव्हा झालं?

सोमवार, ७ एप्रिल

तुचोला सगळं सांगितलं. "मधोमध होतो, मधोमध! साधं खरचटलंही नाही." तो म्हणाला, "म्हटलं ना, रेडा आहेस." डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून फोन आला होता. उचलला नाही. कदाचित त्यांच्या यंत्राचीच चूक असेल.

गुरुवार, १० एप्रिल

दुपारी दुकानात दाढीवाला आला. तीच पाठ. पालकाची रावियोली मागितली, मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "काका, तुम्ही! बरे आहात ना? तुमची मुलगी फार घाबरली होती हो. दिवे गेल्यावर एकेकाचा हात धरून सांगत होती, 'काच आहे, माझे बाबा आहेत, छातीला लागू देऊ नका.' मुठीत गोळ्यांचं पाकीट होतं. म्हणत होती, मला हा बँड अजिबात आवडत नाही, पण ते एकटे आले असते." मग एकदम ओशाळला. "अरेरे. हे तुम्हाला सांगायचं नसतं."

रावियोली बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. तो गेल्यावर दार लोटून दवाखान्यात फोन केला आणि तारीख घेतली. सिल्विनाला आज सांगतो. मिलेनाला मात्र एवढंच म्हणणार, की तो पोगो मीच गाजवला.