चुन्याचा माणूस

रविवार, ५ जुलै २०२०

पोचले एकदाची! सकाळी नऊला मेलबर्नमधल्या क्लेटनहून निघाले आणि एक वाजता पेनगॅली फ्लॅट या गावात. वाटेत वॅटलची झाडं नुकती पिवळ्या फुलांनी भरायला लागलीयत. एका ठिकाणी थांबून थर्मासमधला चहा प्यायले, आंबोळी खाल्ली. स्पृहाने डब्यावर स्टिकर लावलं होतं: ‘Fourteen sleeps only, Aai.’ दर दोन आठवड्यांनी घरी जायचं असं ठरलंय. गुरुदत्तचं युनिव्हर्सिटीत शिकवणं घरूनच चालू आहे, त्यामुळे तिला सांभाळणं जमेल म्हणाला.

बाहेर शिकून आलेल्या डॉक्टरांना सुरुवातीची वर्षं खेड्यात काढावी लागतात. त्याची मला धास्ती होती. पण इथे माझं स्वागत नव्या सुनेसारखं झालं. घरात लाकडं रचून ठेवलेली, फ्रिजमध्ये दूध-अंडी, टेबलावर लिंबाच्या मुरंब्याची बरणी. घरमालकीण नॅन्सी ट्रेगियर, वय त्र्याऐंशी, शेजारच्याच घरात एकटी राहते. काटक, बोलायला फटकळ. ती म्हणाली की गावात राहणारा डॉक्टर तिने लहानपणी पाहिला, त्यानंतर आज मी. मधली सगळी वर्षं मोठ्या गावातून कुणीतरी आठवड्यातून दोनदा यायचं. मार्चपासून कोरोनामुळे तेही बंद.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच टेकडी दिसते आणि टेकडीच्या उतारावर आडवा झोपलेला पांढराशुभ्र माणूस. हिरव्या गवतात चर खणून त्यात चुना भरलाय. डोकं, धड, जुळलेले पाय. डावा हात अंगाशी, उजवा कोपरातून वर उचललेला. गावात त्याला टॉम म्हणतात. सोन्याच्या खाणींच्या दिवसांतला आहे, म्हणजे इथल्या मानाने फारच जुना. दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट शेरिल भेटायला आली होती. ती हसून म्हणाली, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला टाटा करतो. मीही खिडकीतून हात हलवला.

बुधवार, ८ जुलै

आज रात्रीपासून मेलबर्न बंद, सहा आठवडे. हायवेवर पोलीस उभे आहेत. माझे पेशंट बहुतेक सत्तरीच्या पुढचे, तेव्हा मी जा-ये करणं बरोबर नाही, हे मलाच कळतं. स्पृहाला व्हिडिओवर समजावलं. ती काही रडली नाही. ‘So how many sleeps now?’ एवढंच विचारलं.

काम मात्र छान चाललंय. शेरिल हुशार आहे. दारातच प्रत्येकाला खोकला, ताप, परगावचा प्रवास विचारते आणि एकाला जरी ‘हो’ आलं तर आत घेत नाही. त्याला फोनवर तपासायचं.

रविवार, १९ जुलै

आज नॅन्सीबरोबर टेकडी चढले. ती दोनदा थांबली, छातीवर हात ठेवून. घोटे सुजलेत का बघू म्हटलं तर उडवून लावलं.

खालून इतका स्पष्ट दिसणारा माणूस जवळ गेल्यावर दिसतच नाही. नुसते पांढरे चर, हातभर रुंद, इकडून तिकडे गेलेले. डोक्यापासून पायापर्यंत साठ पावलं भरली. एके ठिकाणी मी चर ओलांडून आतल्या गवतावर पाय ठेवला, तशी नॅन्सीने माझी बाही धरून मला मागे ओढलं. बऱ्यापैकी जोरात.

मग तिथे बसूनच तिने सांगितलं. हा कुणी गंमत म्हणून काढलेला नाही. खाणींच्या काळात इथे तापाची साथ आली. आजारी माणसांना तंबूत घालून या टेकडीवर ठेवत. गावाने ठेवलेला डॉक्टर रोज यायचा, पण साथीच्या भीतीने वीस पावलं लांब उभा राहून काठीने दाखवायचा: हा आहे, हा गेला. गेलेल्याला खड्ड्यात घालून वर कळीचा चुना टाकायचा. टॉम नावाचा एक खाणकामगार होता. डॉक्टर ‘गेला’ म्हणाला. चुना टाकताना टॉमने हात वर केला. टाकणाऱ्यांनी पाहिला. तरी टाकत राहिले, कारण डॉक्टर ‘गेला’ म्हणाला होता.

तो टाटा करत नाही, नॅन्सी म्हणाली. तो चुना ढकलतोय.

पुढे गावाने त्या जागेवर हा एवढा मोठा माणूस कोरला. दर ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सगळं गाव चढून जातं, गवत खरवडतं, नवा चुना भरतं. एकदाच चुकलं, युद्धाच्या वर्षी, पुरुष माणसं फारशी उरली नव्हती म्हणून. त्या हिवाळ्यात गावातला डॉक्टर दवाखान्यात खुर्चीवर मेलेला सापडला. तोंडात चुना. सर्टिफिकेटवर हृदयविकार लिहिलं. नॅन्सीच्या वडिलांनी त्याला उचललं होतं.

मी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, सांगितलं असतं तर आली असतीस?

उतरताना मी हसत होते. ती हसत नव्हती.

रविवार, २ ऑगस्ट

चुना भरायचा कार्यक्रम रद्द. मेलबर्नमध्ये आणखी कडक नियम आले, इथेही उद्यापासून मास्क. गावच्या कमिटीने ठरवलं, यंदा राहू दे, टॉम कुठे पळून जातोय.

दुपारी खिडकीतून पाहिलं तर नॅन्सी एकटीच टेकडीवर, बादली घेऊन. मी धावत गेले. ती गुडघ्यांवर बसून चुना ओतत होती आणि श्वास घेताना तिच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी तिला रागावले. डॉक्टर म्हणून सांगते, पुन्हा इथे चढायचं नाही. ती म्हणाली, तुझ्यासाठीच चढते मी, बये. माझं काय राहिलंय आता.

बादली मी हिसकावून घेतली. फक्त पाय भरून झाले होते.

गुरुवार, ६ ऑगस्ट

आजपासून इथेही लॉकडाऊन. नॅन्सीचा फोन आला. खोकला आहे, झोपलं की दम लागतो. येऊन बघतेस का, म्हणाली. मी नियमाप्रमाणे सांगितलं: खोकला असेल तर आधी टेस्ट, निकाल येईपर्यंत घरातच राहायचं, मी फोनवर आहे. छातीत जंतुसंसर्ग असावा असं वाटलं. औषध शेरिलकरवी दारात ठेवलं.

तिचं घर माझ्या घरापासून चाळीस पावलांवर आहे.

मंगळवार, ११ ऑगस्ट

टेस्ट निगेटिव्ह आली. सांगायला फोन केला, उचलला नाही. गेले. नॅन्सी स्वयंपाकघरात खुर्चीत होती, उशीला टेकून. झोपता येत नव्हतं म्हणून बसूनच राहिली असणार. पाय पोटरीपर्यंत सुजलेले. हृदय निकामी होत होतं, जंतुसंसर्ग नव्हताच. स्टेथोस्कोप एकदा टेकवला असता तर मिनिटात कळलं असतं.

सर्टिफिकेट मीच लिहिलं. गुरुदत्त म्हणतो, तू नियम पाळलास, तुझी चूक नाही. टॉमच्या त्या डॉक्टरलाही कुणी असंच म्हणालं असेल.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

टॉमच्या अंगावर गवत वाढलंय. छाती जवळजवळ हिरवी. पांढरे उरलेत ते पाय आणि तो हात.

आज दुपारी फोनवरच्या पेशंटमध्ये एक अनोळखी माणूस होता. नंबर दिसत नव्हता. बोलणं जुन्या वळणाचं, आवाज खरखरीत, प्रत्येक वाक्यानंतर लांबलचक श्वास. छातीवर ओझं आहे म्हणाला. तोंड कोरडं पडतं. उजवा हात खाली येत नाही. कधीपासून, विचारलं. पुष्कळ दिवस. आधी कुणाला दाखवलं होतं का? दाखवलं होतं, म्हणाला, पण डॉक्टरने लांबूनच बघितलं.

मला नॅन्सीच दिसायला लागली. मी त्याला म्हणाले, खोकला असला तरी चालेल, तुम्ही या. मी स्वतः हात लावून तपासीन. मी तुम्हाला परत पाठवणार नाही.

त्याने एक लांब श्वास घेतला. मग त्याने आभार मानले.

फोन ठेवून नोंद लिहायला घेतली. ‘उजवा हात खाली येत नाही’ एवढं लिहिलं, आणि पेन थांबलं. खिडकी उघडीच होती. समोर टेकडी.

रविवार, १६ ऑगस्ट

शेतीसामानाच्या दुकानातून चुन्याची पिशवी आणली होती. वीस किलो. ओढत वर नेली. वेडेपणा आहे हे माहीत होतं, तरी नेली.

ऊन होतं, लख्ख. खालच्या कुरणातल्या मेंढ्या सगळ्या एका कोपऱ्यात, कुंपणाला चिकटून.

चर रिकामे आहेत. गवताने झाकले नव्हते, रिकामे झाले होते. खाली काळी ओली माती. छातीच्या जागी माणसाएवढा खड्डा, आणि माती बाहेरच्या बाजूला पडलेली. कुणी वरून खणलं असतं तर कडेला फावड्याच्या खुणा असत्या. बोटांच्या होत्या.

पिशवी तिथेच टाकली. पळाले.

सोमवार, १७ ऑगस्ट

गुरुदत्तला सगळं सांगितलं. त्याला वाटतं मी थकलेय, नॅन्सीचं मनाला लावून घेतलंय. पण वाद घातला नाही. म्हणाला, तू ये. परवाना बघतो, काय लागेल ते बघतो. उद्या क्लिनिक संपलं की निघायचं. स्पृहाला सांगितलं, one sleep. ती किंचाळलीच आनंदाने.

दाराच्या पायरीवर पांढरं काहीतरी सांडलंय. पुसलं. कोरडं आहे, बोटं भाजतात.

मंगळवार, १८ ऑगस्ट

सकाळी ११

बॅग गाडीत ठेवली. आज फक्त आठ पेशंट. शेवटचा साडेतीनला. चारला निघेन, अंधाराआधी हायवेला.

दुपारी ३.१०

शेवटच्या पेशंटचं नाव आता पाहिलं. थॉमस. टॉमचंच पूर्ण नाव. शेरिलला विचारलं. ती म्हणाली, सकाळी फोन आला, डॉक्टरने स्वतः बोलावलंय म्हणाला. तिने नेहमीचे प्रश्न विचारले. खोकला नाही, ताप नाही. परगावचा प्रवास नाही, गावाबाहेर कधी गेलोच नाही म्हणाला. म्हणून वेळ दिली.

शेरिलला घरी पाठवलं. तिने का पाहावं? दार आतून लावलं. मागच्या दाराने निघते.

३.२५

मागच्या दाराबाहेर उभा आहे. काचेतून फक्त हात दिसतो. वर उचललेला. मला वाटलं ठोठावतोय. नाही. तो तसाच —

पुढच्या दाराशी गेले. तिथेही.

३.४०

पोलिसांना फोन केला. माणूस निघालाय, चाळीस मिनिटं लागतील म्हणाले. गुरुदत्तचा फोन लागत नाही, तो लेक्चरवर असेल.

तो ढकलत नाही. ओरडत नाही. नुसता श्वास. आत घ्यायला केवढे कष्ट पडतायत. नॅन्सी पाच दिवस अशीच बसली होती, चाळीस पावलांवर.

मी शब्द दिलाय.

३.५५

दार मी उघडलं की त्याने, ते आठवत नाही. आत आहे. खुर्चीत बसलाय. खोलीत नुसता चुना, डोळे चुरचुरतायत. चेहरा लिहिणार नाही.

लिहीत राहायचं. लिहिलेलं कुणी वाचलं तर कळेल की मी तपासलं.

हातमोजे काढले. हात लावला. मनगट थंड, कोरडं, भिंतीसारखं. डाव्या हाताने धरलंय, उजव्याने लिहितेय. नाडी पूर्ण साठ सेकंद मोजली. लागत नाही. पुन्हा साठ. मानेशी पाहिलं. छातीला स्टेथोस्कोप — आत माती सरकल्यासारखा आवाज —

तो माझ्या तोंडाकडे बघतोय. विचारतोय.

खरं सांगितलं, नाडी नाही. सांगायला नको होतं

चिडला नाही. मान हलवली फक्त. म्हणाला, आता डॉक्टरचं बघू.

माझं मनगट धरलंय. सोडवत नाही. तो मोजतोय, ओठ हलतायत. माझ्या कानात धडधडतंय, एवढ्या मोठ्याने, त्याला बोटांखाली कळत कसं नाही —

म्हणतो, लागत नाही.

मी म्हटलं लागतेय. नीट बघा. मी बोलतेय ना, लिहितेय ना

उठला. मागे सरकतोय. भिंतीशी जाऊन लांब उभा राहिला. माझ्याकडे हात करून कुणाला तरी सांगतोय. दारात कोण आहेत हे, एवढी माणसं, सगळ्यांच्या हातात बादल्या —

छातीवर काहीतरी पडलं

थांबा. अहो थांबा, मी अजून —